दाढ ठणकतेय आणि दवाखाना परवा उघडणार: मधली रात्र कशी काढायची

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आईची खालची दाढ ठणकायला लागली. दवाखाने पाडवा होईपर्यंत बंद. घरात लवंगेचं तेल होतं. ते कापसाच्या बोळ्यावर भरपूर घेऊन तिनं दाढेत दाबलं आणि तसंच ठेवून झोपली. सकाळी दाढ थोडी शांत होती, पण हिरडी आणि गालाची आतली बाजू पांढरी पडून सोलली होती. पुढचे चार दिवस तिला दाढेपेक्षा त्या भाजल्याचाच त्रास जास्त झाला. तिचा उपाय चुकीचा नव्हता. किती घ्यायचं, कुठे लावायचं आणि किती वेळ ठेवायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच तीन प्रश्नांची उत्तरं इथे लिहितोय.

आधी हे समजून घ्या की घरी दाढ बरी होत नाही, फक्त ठणका कमी करता येतो. दाताच्या आत एक मऊ गाभा असतो, त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. आपण त्यालाच 'दाताची नस' म्हणतो. कीड तिथवर पोहोचली की ती नस सुजते. बोट चेंगरलं तर ते फुगतं, सुजेला जागा मिळते. दाताच्या आत मात्र चारही बाजूंनी टणक भिंती आहेत. सूज बाहेर येऊ शकत नाही, आतल्या आत दाब वाढतो आणि नाडीच्या ठोक्यागणिक ठणका लागतो. आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून दिवसभर सोसलेली दाढ रात्री अंथरुणात असह्य होते. पुढचे बहुतेक उपाय या एका गोष्टीवर उभे आहेत: तो दाब आणि ती सूज कमी करायची.

सगळ्यात आधी: ही थांबायची वेळ आहे का?

काही लक्षणं दिसली तर घरगुती उपायात एक तासही घालवू नका. गालाची सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखालून गळ्याकडे पसरतेय. गिळायला त्रास होतोय, लाळ गिळता न आल्यानं बाहेर येतेय. जीभ वर उचलल्यासारखी वाटतेय, आवाज बदललाय, श्वास घेताना अडकल्यासारखं होतंय. तोंड दोन बोटंही मावणार नाहीत इतकंच उघडतंय. सुजेबरोबर थंडी वाजून ताप आलाय. यातलं काहीही असेल तर दातातला संसर्ग जबड्याच्या बाहेर, मानेच्या मऊ भागात उतरत असण्याची शक्यता आहे आणि तो श्वासनलिका दाबू शकतो. अशा वेळी दातांचा दवाखाना उघडायची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठायचा. महाराष्ट्रात आणि गोव्यात रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे.

मधुमेह आटोक्यात नसेल, केमोथेरपी चालू असेल, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर साध्या सुजेलाही 'बघू उद्या' म्हणू नका.

आणखी एक इशारा, जो बहुतेकांना ठाऊक नसतो. खालच्या जबड्यात, विशेषतः डावीकडे, दुखतंय, पण कुठला दात ते सांगता येत नाही. जिना चढताना दुखणं वाढतं, बसल्यावर कमी होतं. सोबत घाम, छातीत जडपणा किंवा डाव्या हातात कळ आहे. ही दाढदुखी नसून हृदयाचं दुखणं असू शकतं. साठीच्या पुढच्या माणसांबाबत हे मनात ठेवाच.

आरसा, टॉर्च आणि पाच मिनिटं

धोक्याचं काही नसेल तर आधी दुखणं नेमकं कुठून येतंय ते शोधा. हे वाटतं तितकं सोपं नाही. आतल्या नसेला आपली जागा नीट सांगता येत नाही. खालच्या दाढेचं दुखणं कानात जातं, वरच्या दाढेचं कानशिलात. कधीकधी वरची दुखते की खालची हेही कळत नाही. पण दाताचं दुखणं सहसा मधली रेघ ओलांडून दुसऱ्या बाजूला जात नाही, एवढा आधार आहे.

उजेडात आरशासमोर उभं राहून मोबाइलच्या टॉर्चनं बघा. काळा खड्डा आहे का, जुनं भरलेलं सिमेंट निघालंय का, दाताचा टवका उडालाय का, हिरडीवर पुळीसारखा फुगवटा आहे का. मग स्टीलच्या चमच्याच्या दांड्यानं संशय असलेल्या आणि शेजारच्या दातांवर हलकेच टिचकी मारा. ज्यावर कळ येईल त्या दाताच्या मुळाशी सूज पोहोचली असण्याची शक्यता जास्त.

थंड पाणी लागल्यावर दोन-चार सेकंद सणक येऊन लगेच जात असेल, म्हणजे आपण 'दात आंबले' म्हणतो तसं, तर नस अजून वाचवता येण्याजोगी असू शकते. सणक अर्धा-एक मिनिट रेंगाळत असेल, काहीच न खाता आपोआप ठणका सुरू होत असेल, गरम चहानं वाढत असेल, झोपेतून उठवत असेल, तर ती नस बहुधा परतीच्या पलीकडे गेलेली असते. तिला रूट कॅनाल लागेल किंवा दाढ काढावी लागेल. हे निदान तुम्ही करायचं नाही, डॉक्टरच करतील. पण 'किती घाई करायची' याचा अंदाज यातून येतो.

वरच्या दोन-तीन दाढा एकदम दुखत असतील, नाक चोंदलेलं असेल आणि खाली वाकल्यावर गालात जडपणा येत असेल, तर ते सायनसचं दुखणं असू शकतं.

अडकलेलं काढा

ही पायरी लोक गाळतात, आणि काही वेळा एवढ्यानंच निम्मं दुखणं जातं. पेरूची बी किडलेल्या खड्ड्यात बरोबर बसते. मटणाचा धागा, आंब्याचे तंतू, मक्याच्या दाण्याचं साल, चिक्कीचा तुकडा दोन दाढांच्या फटीत घुसून हिरडी दाबत राहतो. आधी कोमट पाण्यानं जोरात चूळ भरा. मग डेंटल फ्लॉस दोन दातांमध्ये करवतीसारखा पुढेमागे करत हळू उतरवा, दाताला कवेत घेऊन वर ओढा. सरळ खाली दाबलात तर हिरडी कापते. फ्लॉस नसेल तर मऊ ब्रशची टोकं वापरा. टाचणी, सेफ्टी पिन, सुई, काडेपेटीची काडी वापरू नका. खड्डा खोल असेल तर टोकदार वस्तू थेट नसेत घुसते, आणि ती कळ ज्यानं सोसलीय तो आयुष्यभर विसरत नाही.

दुखतंय म्हणून त्या बाजूनं ब्रश करणं थांबवू नका. मऊ ब्रश, कोमट पाणी, हलका हात.

मिठाचं पाणी

एक कप कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ. पाणी मनगटावर टाकलं तर जेमतेम कोमट लागेल इतकंच. गरम नको, कारण सुजलेल्या नसेला गरम सोसत नाही. दुखऱ्या बाजूला मान कलवून ३० सेकंद तोंडात खेळवा आणि थुंका. दर दोन-तीन तासांनी आणि प्रत्येक खाण्यानंतर चालेल. हिरडीची सूज, अक्कलदाढेचा त्रास, फुटलेली पुळी यात याचा उपयोग होतो. बंद दाताच्या आतल्या ठणक्यावर मात्र मिठाचं पाणी फार काही करू शकत नाही, कारण ते आत पोहोचतच नाही. रक्तदाबाच्या रुग्णांनी घाबरायचं कारण नाही, पाणी गिळायचं नसतं.

अपवाद एकच. दाढ आजच काढून घेतली असेल तर पहिले २४ तास चूळ भरू नका. जखमेत धरलेली रक्ताची गुठळी निघून जाते आणि हाड उघडं पडतं. दाढ काढल्यावर आधी बरं वाटून दुसऱ्या ते चौथ्या दिवशी अचानक जबरदस्त ठणका सुरू झाला, तोंडाला वास यायला लागला, तर तेच झालं असण्याची शक्यता आहे. त्याला घरी उपाय नाही, ज्यांनी दाढ काढली त्यांच्याकडे परत जा.

गोळी: दातावर ठेवायची नाही, गिळायची

खरा आराम इथे आहे, आणि खऱ्या चुकाही इथेच होतात. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

दाताच्या ठणक्यामागे सूज असते, त्यामुळे सूज उतरवणारी गोळी नुसत्या वेदनाशामकापेक्षा जास्त चालते. घरात सहज मिळणाऱ्यांपैकी अशी गोळी म्हणजे आयबुप्रोफेन. पॅरासिटामॉल वेगळ्या वाटेनं काम करतं, म्हणून दोन्ही एकत्र घेतल्या तर एकेकटीपेक्षा जास्त आराम पडतो. दंतवैद्यही तीव्र दाढदुखीत बहुतेकदा याच जोडीपासून सुरुवात करतात.

निरोगी प्रौढ माणसासाठी: आयबुप्रोफेन ४०० मिलीग्रॅम, जेवणानंतर, दोन मात्रांमध्ये किमान ६ ते ८ तास. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय २४ तासांत तीनपेक्षा जास्त गोळ्या, म्हणजे १२०० मिलीग्रॅमच्या वर, जायचं नाही. पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलीग्रॅम, दर ६ तासांनी. घरच्या घरी दिवसाला ३००० मिलीग्रॅम ही मर्यादा धरा. ६५०च्या चार गोळ्या म्हणजे २६००, पाचवी घेतली की मर्यादा ओलांडली.

आता मोजायची गोष्ट. कॉम्बिफ्लॅमच्या एका गोळीत आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ दोन्ही असतं. म्हणजे कॉम्बिफ्लॅम घेतल्यावर वेगळी ब्रुफेन घ्यायची नाही. डोलो किंवा क्रोसिन घेतलीच तर त्यातलं पॅरासिटामॉल हिशोबात धरायचं. सर्दी-तापाच्या बहुतेक गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं. गोळीच्या पट्टीच्या मागे घटक लिहिलेले असतात, चष्मा लावून वाचा. ठणक्याच्या भरात माणूस रात्रीतून चार वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या घेतो आणि त्या सगळ्या एकाच औषधाच्या निघतात. यकृताला इजा अशीच होते, आणि ती लगेच कळतही नाही.

वेळेचं उदाहरण देतो. रात्री ९ वाजता भाताचे चार घास खाऊन दोन्ही गोळ्या. परिणाम जाणवायला अर्धा ते एक तास जाईल, तेवढ्यात दुसरी घेऊ नका. पहाटे ३ला जाग आली आणि ठणका परत असेल तर अर्धा कप दूध किंवा बिस्किट खाऊन पुन्हा दोन्ही. मग सकाळी ९ नंतर तिसरी वेळ, आणि आयबुप्रोफेनचा दिवसाचा कोटा संपला. कागदावर वेळ लिहून ठेवा. अर्धवट झोपेत आठवण फसवते.

आयबुप्रोफेन कुणी घ्यायचं नाही: पोटात अल्सर झालेला किंवा कधी रक्तस्राव झालेला असेल तर, मूत्रपिंडाचा विकार असेल तर, हृदयविकार असेल तर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर, अशा गोळ्यांनी पूर्वी दमा उठला असेल तर, आणि गरोदरपणात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तरी आधी डॉक्टरांना विचारा. या मंडळींसाठी नुसतं पॅरासिटामॉल. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू पिण्याची सवय असेल तर तेही विचारूनच.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत एक जास्तीची काळजी. दाढदुखीसोबत ताप आणि अंगदुखी असेल, आजूबाजूला डेंग्यूचे रुग्ण असतील, तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलवरच थांबा.

ॲस्पिरिनची गोळी दाढेशी दाबून ठेवणारे लोक अजून भेटतात. ती आम्ल आहे. हिरडी भाजते, दाढेला काडीचाही फायदा होत नाही, कारण गोळी काम करते ती पोटातून रक्तात जाऊन.

आणि उरलेलं अँटिबायोटिक? मागच्या वेळच्या पट्टीतल्या चार अमॉक्सिसिलिन, किंवा मेडिकलवाल्यानं 'पाच दिवसांचा कोर्स' म्हणून दिलेल्या गोळ्या. नस सुजल्याचं दुखणं अँटिबायोटिकनं कमी होत नाही. पू पसरत असेल, ताप असेल, तेव्हाच त्याचा उपयोग असतो, आणि तेव्हाही दाढेवर मुख्य उपचार करावाच लागतो. अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी जिवाणू मात्र शिरजोर होतात.

बाहेरून थंड, उशा दोन

बर्फाचे खडे किंवा फ्रीझरमधली मटारची पिशवी पातळ टॉवेलात गुंडाळून गालावर धरा. १५ मिनिटं धरा, मग १५-२० मिनिटं सोडा, पुन्हा धरा. बर्फ थेट कातडीला किंवा दाताला लावू नका. गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर गरम केलेल्या फडक्याचा शेक अगदी टाळा. आजी-आजोबांच्या काळापासून शेकायची सवय आहे, सांधेदुखीत ती ठीकही आहे, पण दाढेत पू असेल तर शेकानं रक्तपुरवठा वाढतो, सूज वाढते.

झोपताना दोन-तीन उशा घेऊन डोकं आणि खांदे उंच ठेवा. आरामखुर्ची असेल तर उत्तम. दुखऱ्या बाजूवर झोपू नका. साधी गोष्ट आहे, पण ज्यांच्या दाढेत दाब आहे त्यांना पंधरा मिनिटांत फरक कळतो.

लवंग, यावेळी नीट

लवंगेच्या तेलात युजेनॉल नावाचं द्रव्य असतं आणि ते खरोखर बधिरता आणतं. दातांच्या दवाखान्यात शिरल्यावर जो विशिष्ट वास येतो त्यात मोठा वाटा युजेनॉलचाच असतो. तात्पुरतं सिमेंट भरताना डॉक्टर झिंक ऑक्साइडमध्ये तेच कालवतात. त्यामुळे लवंगेला खुळचट घरगुती समजायचं कारण नाही. पण निव्वळ तेल मऊ कातडीला भाजतं.

किती: अर्धा छोटा चमचा खोबरेल तेलात लवंग तेलाचे २ ते ३ थेंब. कुठे: ज्वारीच्या दाण्याएवढा कापसाचा बोळा त्यात बुडवून, चमच्याच्या कडेला पिळून, फक्त किडलेल्या खड्ड्यात. हिरडीवर नाही, गालावर नाही. आधी दात स्वच्छ कापसानं कोरडा करा, नाहीतर लाळेबरोबर तेल सगळीकडे पसरतं. किती वेळ: पाच मिनिटं. मग बोळा काढून टाका, थुंका, चूळ भरा. दिवसातून तीन-चार वेळा पुरे. बोळा ठेवून झोपायचं नाही.

तेल नसेल तर अख्खी लवंग दुखऱ्या दाढेशी धरून दातानं हलकीच दाबा, रस सुटू द्या, पाच-सात मिनिटांनी काढा. दाढ किडलेली नसून आतून ठणकत असेल, खड्डाच नसेल, तर लवंगेचा उपयोग जवळजवळ नाही, उगाच हिरडी भाजून घेऊ नका. लहान मुलांना लवंग तेल लावू नका. थोडंसं पोटात गेलं तरी त्यांच्या यकृताला धोका असतो.

तोंडात काय ठेवायचं नाही

कच्चा लसूण ठेचून बांधतात, त्यानं हिरडीवर फोड येतात. बिब्बा तर त्याहून वाईट, त्याचं तेल लागेल तिथे जखम होते. कापूर, रॉकेल, चुना, दारूचा बोळा, तुरटीचा खडा रात्रभर, हे सगळं मी लोकांनी केलेलं पाहिलंय आणि प्रत्येक वेळी दवाखान्यात दोन तक्रारी घेऊन जावं लागलंय.

'दाताला कीड लागली' असं आपण म्हणतो, त्यामुळे आत खरोखरची अळी वळवळते अशी समजूत गावोगाव आहे. भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन ती अळी पाडायचा उपाय सांगितला जातो. ही समजूत जगभर होती. १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं आपल्या ग्रंथात ती नाकारली. दातात अळी नसते, साखरेपासून आम्ल तयार करणारे जिवाणू असतात. धुरीनं ते मरत नाहीत, तोंड मात्र भाजू शकतं.

आणि मशेरी. यावर मला जास्त बोलायचंय, कारण इथे खरं नुकसान होतं. दाढ दुखतेय म्हणून कुणीतरी शेजारीण चिमूटभर मशेरी लावायला देते. तंबाखूनं थोडा वेळ बधिर वाटतं. दाढ पुढे निघून जाते, मशेरी राहते, वीस-तीस वर्षं राहते. तोंडाच्या कर्करोगाच्या कित्येक बायका ही सुरुवात अशीच सांगतात. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे, पण घरी तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार? घरात दाढदुखी सुरू झाली की आई, मावशी, सासूबाई काय लावतायत ते विचारा. गुल आणि तपकीर यांनाही हेच लागू.

लहान मूल, गरोदर बाई

मुलाची मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते. पॅरासिटामॉल दर किलोमागे १० ते १५ मिलीग्रॅम, दोन मात्रांत ६ तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. २० किलोच्या मुलाला २०० ते ३०० मिलीग्रॅम चालतं. बाटलीवर '५ मिलीमध्ये २५० मिलीग्रॅम' लिहिलं असेल तर ५ मिली, आणि '५ मिलीमध्ये १२० मिलीग्रॅम' असेल तर १० मिली. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या असतात, म्हणून आकडा वाचल्याशिवाय माप भरू नका. स्वयंपाकघरातला चमचा नको, बाटलीसोबतचं माप घ्या. मुलांना ॲस्पिरिन द्यायचं नाही, आणि निमेसुलाइडवर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे. 'दुधाचाच दात आहे, पडणारच आहे' म्हणून थांबू नका. त्याच्या मुळाशी झालेला पू खालच्या पक्क्या दाताच्या कोंबाला इजा करू शकतो.

गरोदर बाईनं गरजेपुरतं पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून घ्यावं, मिठाचं पाणी आणि थंड शेक चालू ठेवावा. गरोदरपणात दाताचे उपचार करता येत नाहीत ही भीती चुकीची आहे. चौथ्या ते सहाव्या महिन्यात ते सगळ्यात सोयीचे असतात, आणि पसरणाऱ्या संसर्गासाठी कुठल्याही महिन्यात थांबायचं नसतं.

अक्कलदाढ आणि निघालेली कॅप

सतरा ते पंचवीस या वयात अगदी मागे हिरडी सुजून तोंड उघडेना झालं, तर अर्धवट आलेल्या अक्कलदाढेवरच्या हिरडीच्या पदराखाली अन्न अडकलेलं असतं. सुई काढलेल्या ५ मिलीच्या सिरिंजमध्ये कोमट मीठपाणी भरून त्या पदराखाली हळू फवारा, घाण निघून येते. दिवसातून तीन-चार वेळा. वरची दाढ त्या सुजेवर आपटत असेल तर चघळणं टाळून पातळ खा.

कॅप निघाली तर ती धुऊन डबीत ठेवा आणि सोबत घेऊन जा. फेविक्विकनं चिकटवू नका. त्यानं हिरडी भाजते आणि कॅप नीट बसवताना डॉक्टरांना ती खरवडत बसावी लागते. रात्री तशीच दातावर बसवून झोपलात तर गिळली जाण्याची भीती असते.

खाण्यात वरण-भात, मऊ खिचडी, पेज, साध्या तापमानाचा दहीभात. चिवडा, चकली, लोणचं, गोड, बर्फाचं काही दोन दिवस बाजूला.

ठणका एकदम थांबला तर

इथेच बहुतेक लोक फसतात. दोन दिवस जिवाचं पाणी पाणी केलेली दाढ तिसऱ्या दिवशी सकाळी एकदम गप्प होते. माणसाला वाटतं उपाय लागू पडला, अपॉइंटमेंट रद्द होते. पुष्कळदा आतली नस मेलेली असते, म्हणून ती बोलत नाही. जिवाणू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरत असतात आणि काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी गाल सुजून उठतो. हिरडीवरची पुळी फुटून खारट-कडू पू आला आणि बरं वाटलं, तरी तेच. ती पुळी पिनेनं फोडायचीही नाही. ठरलेल्या दिवशी जा, दुखत नसलं तरी.

जाताना

पैशांमुळे टाळत असाल तर सरकारी जागा शोधा. मुंबईत फोर्टला शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, गोव्यात बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय. खासगी दंत महाविद्यालयांच्या ओपीडीतही दवाखान्यापेक्षा बराच कमी खर्च येतो. सकाळी लवकर नंबर लावा, ओपीडी बहुधा सकाळचीच असते. तालुक्याच्या ठिकाणी उपजिल्हा रुग्णालयात दंतचिकित्सक आहेत का ते फोन करून विचारा.

उपाशी जाऊ नका. भूल द्यायची असेल तर पोटात काहीतरी असलेलं बरं, डॉक्टरांनी उपाशी यायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या नेहमीच्या वेळी घ्या. रक्त पातळ करणारी गोळी 'दाढ काढायचीय' म्हणून स्वतःच्या मनानं बंद करू नका. आणि रात्री वेळा लिहिलेला तो कागद खिशात टाका. त्यावर आणखी चार ओळी वाढवा: दुखणं कधी सुरू झालं, गरमानं वाढतं की थंडानं, कुठल्या गोळ्या रोज चालू आहेत (हाडांच्या ठिसूळपणाची गोळी किंवा इंजेक्शन असेल तर ते नक्की लिहा), आणि कुठल्या औषधानं पूर्वी अंगावर पुरळ आलं होतं. खुर्चीत बसल्यावर तोंडात आरसा असतो, तेव्हा बोलता येत नाही.